ग्लेझचा कच्चा माल आत्ताच भरून ठेवावा का?

तुमचा प्रश्न: "घरी स्टुडिओ पॉटरी सुरू करतोय. ग्लेझच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाच्या, मालाचे भाव सारखे चढताहेत. वर्षभराचा आत्ताच घेऊन ठेवू का?"

हेच माझ्या दिरांनी विचारलं असतं तर मी चहासुद्धा दिला नसता.

२०२२ मध्ये बॅटरीवाल्यांनी ग्लेझमध्येही पडणाऱ्या लिथियम कार्बोनेटचा भाव आभाळाला भिडवला होता. दुकानदार म्हणाला, "ताई, आजचा भाव आज. उद्याचं विचारू नका." घाबरून मी नव्या फ्रिजसाठी बाजूला ठेवलेले पैसे उचलले आणि पाच किलो घेतलं. भावजींचं भुसाराचं दुकान आहे. ते म्हणाले होते, "वहिनी, चढत्या भावात माल भरू नये." त्या नोव्हेंबरात चीनमध्ये टनाला ६ लाख युआनच्या आसपास गेलेला भाव २०२३ संपता संपता लाखाच्या घरात आला. माझ्या ग्लेझमध्ये ते पडतं शेकडा तीन, तेही एकाच रंगात. बरणी अजून फळीवर आहे, आणि जुन्या फ्रिजचं दार गुडघ्यानं रेटून लावावं लागतं. दर दिवाळीला ठरलेलं: "काय वहिनी, पांढरं सोनं कसंय?"

पण कोबाल्टचं कुणी बोलत नाही. जानेवारी २०२५ मध्ये भाव पार पडले होते, तेव्हा मी अर्धा किलो ऑक्साइड घेतलं. काळी पूड, नखाला लागली तर दोन दिवस निघत नाही. ग्लेझमध्ये अर्धा टक्का टाकली की भट्टीतून निळाशार कप बाहेर येतो. फेब्रुवारीत कांगोनं निर्यातच थांबवली. जगातलं सुमारे ७० टक्के कोबाल्ट तिथल्या खाणींतलं. वर्षभरात भाव दुपटीवर गेला. भावजी म्हणाले, "नशीब." नशीब कसलं? पडत्या भावात घ्यावं, हे शिकवलं कुणी?

तर, ग्लेझचा मुख्य माल, म्हणजे फेल्डस्पार, क्वार्ट्झ, चायना क्ले, अजिबात साठवू नका. राजस्थान-गुजरातेतून येतं, बोजड असतं, जागा अडते. जे परदेशातून येतं आणि चिमूटभर लागतं, तेवढंच भाव पडलेला असताना घ्या. सगळा माल एकाच लॉटचा घेतलात तर रंगही बदलत नाही, हा खरा फायदा.

अर्थात मी अर्ध्या किलोची गिऱ्हाईक. टाइल्सवाल्यांचं गणित भट्टीच्या गॅसवर चालतं, त्यांना हे लागू नाही. आणि लिथियमचा ग्लेझ खाण्याच्या भांड्यावर लावण्याआधी तपासणी करून घ्या.

लिथियम हवंच असेल तर माझ्याकडे चार किलो पडलंय. भावजींना कळू देऊ नका.