नवं सुकाणू करायचं, पण आधी जुनं फाडा

प्रश्न : माझी 26 फुटी फायबरची शिडाची यॉट हर्णैला असते. टिलर (सुकाणू वळवायची मूठ) वळवला तर सुकाणूचा दांडा फिरतो, पातं मात्र जागचं हलत नाही. पात्याच्या वरच्या कडेतून तपकिरी ओघळ येतात. गावचे मेस्त्री म्हणतात, सागवानी फळीचं नवं बसवून देतो. करू का?

उत्तर : मेस्त्रींचा सागवानावरचा विश्वास खोटा नाही. पण त्यांच्या हातची सुकाणूं होडीच्या मागे, बाहेरून कड्यांवर लटकतात. तुमचं पातं स्टीलच्या दांड्यावर घट्ट बसलेलं. लाकूड फुगतं-आकसतं, स्टील नाही. वर्षभरात त्यांच्यामध्ये फट पडेल.

आधी जुन्या पात्याची आकृती प्लायवर काढा, दांड्याच्या जागेसकट. मग तोंडाला मास्क बांधून ग्रायंडरने एका बाजूचं कवच कापा. आत भिजलेला फोम आणि पात्याला दांड्याशी धरून ठेवणाऱ्या, पण आता दांड्यापासून तुटलेल्या स्टीलच्या पट्ट्या सापडतील, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. स्टेनलेस स्टीलला चांगलं राहायला प्राणवायू लागतो. फोममध्ये कोंडलेल्या पाण्यात तो मिळत नाही, मग वरून चकचकीत दिसणारा दांडा आतून किडतो. दांडा पात्यात शिरतो तिथे टाचणीएवढे जरी खड्डे दिसले, तरी नवा 316 चाच (खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या स्टेनलेसचा) घ्या. इथे पैसे वाचवू नका, कळकळीने सांगतो.

नव्या पात्याची जास्तीत जास्त जाडी रुंदीच्या 12 टक्के ठेवा. 45 सेंटिमीटर रुंदी असेल तर 5.4 सेंटिमीटर, आणि ती पुढच्या कडेपासून साधारण साडेतेरा सेंटिमीटरवर. पुढची कड गोल, मागची निमुळती. दांड्याच्या पुढचा भाग वाढवू नका. टिलर हलका लागेल, पण वेगात हातातून हिसकला जाईल.

रेझिन इपॉक्सीच वापरा. पावसाळी हवेत त्यावर मेणासारखा चिकट थर येतो. तो साध्या पाण्याने घासून धुतल्याशिवाय पुढचा थर देऊ नका. दांडा पात्यात शिरतो तिथे सभोवती चर ठेवून ती पॉलियुरेथेन सीलंटने भरा. माझ्या पहिल्या सुकाणूला मी ही चर ठेवली नव्हती. तिसऱ्या वर्षी तेच तपकिरी ओघळ आले आणि सगळं काम पुन्हा करावं लागलं. स्टील आणि फायबर उन्हात सारख्याच प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, म्हणून तिथला सांधा लवचीकच हवा.

बसवायला खाडीतली घट्ट पुळण बघा. पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आदल्या दिवशीच्या भरतीला यॉट वर घ्या, दोन्ही बाजूंना भक्कम टेकू द्या. उधाण उतरायला लागल्यावर घेतलीत तर पुढच्या भरत्या कमी होत जातील आणि भांगाच्या (सगळ्यात कमी भरतीच्या) दिवसांत ती वाळूवरच अडकेल. दांडा खालून वर घालायचा, म्हणजे सुकाणूखाली दांड्याच्या लांबीएवढा खड्डा लागणार. ओहोटी लागताच खणायला घ्या. पाणी परतायच्या आत हातात जेमतेम काही तास असतात.

पातं उघडलंत की पट्ट्यांचे फोटो पाठवा. जोड कुठे तुटलाय ते पाहून नव्या पट्ट्यांची जाडी सांगतो.