वाचक विचारतात : हिवाळ्यातलं अल्माटी, मित्रमंडळी आणि बेताचा खर्च

प्रश्न : आम्ही चौघी मैत्रिणी जानेवारीत पाच दिवस परदेशी जायचं म्हणतोय. बर्फ बघायचाय, पण युरोप झेपणार नाही. कझाकस्तानातलं अल्माटी कसं वाटतं? (पुणे)

जरूर जा. भारतीय पासपोर्टवर तिथे 14 दिवसांपर्यंत व्हिसाच लागत नाही. जुलै 2022 पासून ही सवलत आहे. फी, अपॉइंटमेंट आणि महिनाभराची धाकधूक तिन्ही वाचतात. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग यांची छापील प्रत मात्र हातात असू द्या, विमानतळावर विचारू शकतात.

घोळ होतो तो दिल्लीत. पुणे-दिल्ली आणि दिल्ली-अल्माटी अशी दोन वेगळी तिकिटं स्वस्त दिसतात. पण जानेवारीत दिल्लीत पहाटे दाट धुकं असतं. पुण्याचं विमान तीन तास रखडलं की पुढचं सुटतं, आणि तिकिटं वेगळी असल्यामुळे दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर काढा, नाहीतर आदल्या संध्याकाळीच दिल्ली गाठा. तुमच्या तारखांना मुंबईहून थेट विमान असेल आणि थोडेच पैसे जास्त पडत असतील, तर तेच घ्या.

नाताळपासून 10 जानेवारीपर्यंतचे दिवस टाळा. नवं वर्ष हा तिकडचा मोठा सण असतो, खोल्या महागतात आणि रोपवेला रांगा लागतात. जानेवारीचा शेवटचा आठवडा उत्तम.

प्रश्न : एजंट चार दिवसांच्या पॅकेजमध्ये कोलसाई तलाव आणि चारीन दरी दोन्ही दाखवतो म्हणतो. घ्यावं का? राहायचं कुठे? (नाशिक)

कोलसाई या वेळी सोडा. तलाव एका बाजूने जवळपास 300 किलोमीटरवर आहे. जानेवारीत संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधारतं, म्हणजे दहा-अकरा तास गाडीत आणि तलावापाशी जेमतेम दीड तास. चारीन 200 किलोमीटरवर आहे, एक मोकळा दिवस उरला तर जमेल.

खरं सुख शहराच्या उशाशी आहे आणि तिथे सिटी बस जाते. 12 नंबरची बस मेदेऊला नेते. 1,691 मीटर उंचीवरचं हे बर्फावर स्केटिंग करायचं प्रचंड मोठं मैदान आहे. तिथून साडेचार किलोमीटरचा रोपवे शिंबुलाक या स्कीइंगच्या ठिकाणी जातो आणि पुढच्या लिफ्ट 3,200 मीटरपर्यंत चढतात. वारा सुटला की वरचा टप्पा बंद ठेवतात, म्हणून तो चालू आहे का हे विचारूनच पूर्ण तिकीट काढा. शिंबुलाकसाठी पहिलाच कोरडा दिवस धरा, शेवटच्या दिवसावर ठेवू नका. शनिवार-रविवारी गर्दी फार होते. शहरातून तासा-दीड तासात एवढ्या उंचीवर गेल्यावर डोकं दुखू शकतं. वर धावपळ नको, पाणी पीत राहा, आणि त्रास वाढला तर लगेच खाली या.

स्कीइंग करणार असाल तर प्रवास विम्यात हिवाळी खेळांचा समावेश वेगळा करून घ्या, साध्या पॉलिसीत तो बहुधा नसतो. स्केट्स भाड्याने घेताना पासपोर्ट अनामत ठेवू नका, रोख अनामत द्या.

आता राहण्याचं. या शहरात दक्षिणेला डोंगर आहेत आणि सगळे रस्ते तिकडे चढत जातात. लोक पत्ता सांगतानाही 'वर' आणि 'खाली' म्हणतात. हिवाळ्यात वारा पडला की कोळशाचा धूर खालच्या भागात साचतो. म्हणून अबाय मार्गाच्या वरच्या बाजूला, शक्यतो मेट्रोपासून चालत जाता येईल असं स्वयंपाकघर असलेलं दोन खोल्यांचं घर घ्या. चौघांत विभागलं की ते हॉटेलपेक्षा बरंच स्वस्त पडतं. नकाशासाठी टू-जीआयएस आणि टॅक्सीसाठी यांडेक्स ही ॲप्स आधीच फोनवर घ्या. विमानतळाच्या दारात हाका मारणाऱ्या टॅक्सीवाल्यांकडे वळू नका.

प्रश्न : उणे दहात कपडे काय घालायचे? (कोल्हापूर)

अंगालगत सुती बनियन नको. घाम आला की ते ओलंच राहतं आणि थांबल्याबरोबर हुडहुडी भरते. आत थर्मल, त्यावर फ्लीस, वर वारा अडवणारं जाकीट. घरं, मेट्रो, दुकानं आतून चांगली उबदार असतात, त्यामुळे चटकन काढता येतील असे थर हवेत.

पैसे खर्च करायचे असतील तर बुटांवर करा. खोल खाचांचा रबरी तळ आणि जाड मोज्यासाठी एक नंबर मोठा जोड. फुटपाथवर दाबला गेलेला बर्फ काचेसारखा गुळगुळीत होतो. शिवाय रस्त्याकडेने 'अरिक' म्हणतात ते उघडे पाट असतात. बर्फाने भरले की ते दिसत नाहीत आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. रस्ता ओलांडायचा तो क्रॉसिंगवरच. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते.

प्रश्न : दोघे शाकाहारी आहेत. उपाशी राहतील का? (सांगली)

नाही, पण जपावं लागेल. तिकडे घोड्याचं मांस आवडीने खातात, आणि भाज्यांच्या सुपाचं पाणीही बहुतेकदा मांसाचं असतं. रशियनमध्ये 'बेझ म्यासा' म्हणजे मांसाशिवाय. त्याच्या जोडीला 'बेझ बुल्योना', म्हणजे मांसाच्या अर्काशिवाय, असंही सांगा. जॉर्जियन हॉटेलांत चीज भरलेली खाचापुरी आणि राजम्यासारखं लोबिओ मिळतं, तिथे पोट भरतं. भोपळ्याचा समसा, म्हणजे समोशासारखा भाजलेला पदार्थ, मागा, तो घेताना मात्र आत काय आहे हे विचाराच. ग्रीन बाजारात कोरियन बायका गाजराची लसूण घातलेली चटकदार कोशिंबीर विकतात. 1937 मध्ये स्टालिनच्या काळात इकडे जबरदस्तीने आणलेल्या कोरियन लोकांनी ती घडवली. तेवढ्यासाठी तरी बाजारात जा. हा बाजार सोमवारी बंद असतो. सकाळसाठी घरून पोह्या-उपम्याची तयार पाकिटं आणि मेतकूट न्या.

प्रश्न : पैसे कसे न्यावेत, आणि ग्रुपमध्ये हिशेब कसा ठेवावा? (ठाणे)

रुपये तिथे चालत नाहीत. न मळलेल्या, न दुमडलेल्या डॉलरच्या नोटा न्या आणि त्या विमानतळावर नाही, शहरातल्या बदली केंद्रात मोडा. फलकावर खरेदी आणि विक्री असे दोन आकडे असतात. त्यांतलं अंतर जितकं कमी तितकं केंद्र चांगलं. मॉलमध्ये कार्ड चालतं. बाजारात स्थानिक लोक फोनवरून क्यूआरने पैसे देतात, पण त्याला तिथलं खातं लागतं. म्हणून रोख टेंगे, म्हणजे तिथलं चलन, जवळ हवेतच.

घर, टॅक्सी आणि किराणा यांसाठी सारखी वर्गणी काढून ती एकीकडे ठेवा. स्कीइंग, स्केटिंग आणि खरेदी त्यात घालू नका, ज्याचं त्याने द्यावं. बहुतेक ग्रुपांत कुरबूर याच तीन गोष्टींवरून होते, म्हणून हे तिकीट काढण्याआधीच ठरवा.