साधी स्क्रीन, प्रगत स्क्रीन आणि त्यांच्यामधली भिंत

नव्या कर्मचाऱ्यांना फॉर्म समजत नाही आणि जुने कर्मचारी तो संथ असल्याची तक्रार करतात, म्हणून लॉगिन करतानाच ‘साधी’ की ‘प्रगत’ असे विचारून दोन वेगळ्या स्क्रीन द्याव्यात का, हा तुमचा प्रश्न वाचला आणि माझे जुने काम डोळ्यांपुढे उभे राहिले. मी नेमके हेच केले होते. अक्षरांचा आकार, स्पष्ट मथळे, रंगसंगती या गोष्टी तुम्हाला ठाऊक असणारच, म्हणून थेट त्या चुकीबद्दलच लिहितो.

एका कार्यालयाची अर्जनोंदणीची प्रणाली आम्ही नव्याने बांधत होतो. प्रत्यक्ष नोंदणी करणाऱ्यांच्या शेजारी दोन दिवस बसू द्यावे, अशी विनंती मी वारंवार केली; परंतु ‘ते कामात असतात’ एवढेच उत्तर मिळे आणि प्रत्येक बैठकीला ज्यांनी स्वतः कित्येक वर्षांत एकही अर्ज भरला नव्हता असे पर्यवेक्षक येत. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही नवख्यांसाठी एकेक प्रश्न विचारत पुढे नेणारी स्क्रीन केली आणि अनुभवी लोकांसाठी सगळे रकाने एकत्र असलेला दाट फॉर्म केला. दोन्ही वेगवेगळ्या सहकाऱ्यांनी आखले, त्यामुळे रकान्यांचा क्रम वेगळा झाला आणि काही रकान्यांची नावेही वेगळी पडली. त्या वेळी मला त्यात काही वावगे वाटले नाही, याचे आजही वाईट वाटते.

प्रणाली सुरू झाल्यावरच मला आत बसू दिले गेले. एक ज्येष्ठ कर्मचारी बाई डावा हात अर्जांच्या गठ्ठ्यावर आणि उजवा अंकांच्या कळांवर ठेवून काम करत होत्या. त्यांची नजर कागदावर होती, स्क्रीनकडे त्या पाहतच नव्हत्या. दोनदा टॅब, आठ अंक, एंटर, पुढचा अर्ज. आमच्या दाट फॉर्ममध्ये तारखेच्या रकान्यात पोचताच कॅलेंडर उघडत होते आणि टाइप केलेले अंक त्यातच गडप होत होते. तीन अर्ज चुकीचे गेल्यावर त्यांनी मान वर केली. त्या मला काही बोलल्या नाहीत; त्यांनी ते तिन्ही अर्ज गठ्ठ्यातून पुन्हा वर काढले आणि त्यानंतर प्रत्येक टॅबनंतर स्क्रीनकडे पाहायला सुरुवात केली.

कॅलेंडर दुरुस्त करणे सोपे होते. खरे नुकसान पुढच्या काही महिन्यांत दिसले. साध्या स्क्रीनवर तयार झालेला एकही नवा कर्मचारी प्रगत स्क्रीनकडे वळला नाही, कारण तिकडे जायचे म्हणजे हाताला बसलेले सगळे वळण मोडून पहिल्यापासून शिकायचे. उलट, नोंदणीत तरबेज असलेल्या त्याच बाई महिन्यातून एकदा येणाऱ्या दुरुस्तीच्या कामात अगदी नवख्या होत्या, आणि प्रगत स्क्रीनवर त्यांना आधार द्यायला काहीच नव्हते. नवखेपण माणसाला चिकटलेले नसते, ते त्या त्या कामापुरते असते.

सगळे एका स्क्रीनवर आणून जे क्वचित लागते ते आपोआप लपवावे, असा दुसरा मोह होतो. मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००० मधल्या मेन्यूंनी हेच केले: कमी वापरातल्या आज्ञा लपत, त्यामुळे आज जिथे पाहिली तिथे आज्ञा उद्या सापडेल याची खात्री उरली नाही. अनुभवी माणूस वाचून नव्हे, जागेच्या आठवणीवर काम करतो. जागा हलवली की तोही नवखाच होतो.

याउलट १९८४ मध्ये जॉन कॅरोल आणि कॅरोलिन कॅरिथर्स या संशोधकांनी एका वर्ड प्रोसेसरमधल्या प्रगत आज्ञा मेन्यूत होत्या तिथेच ठेवल्या, पण निवडल्यास ‘ही सोय सध्या उपलब्ध नाही’ असा संदेश दिला. शिकणारे लवकर कामाला लागले आणि चुका निस्तरण्यात त्यांचा कमी वेळ गेला. गॉर्डन कर्टनबाख आणि विल्यम बक्स्टन या संशोधकांचा मार्किंग मेन्यू याहून सुंदर आहे: नवखा क्षणभर थांबतो, तेव्हा गोलाकार मेन्यू उघडतो आणि नवखा त्यातल्या हव्या त्या आज्ञेच्या दिशेने रेघ ओढतो; सरावलेला माणूस मेन्यूसाठी न थांबता तीच रेघ ओढतो. म्हणजे नवख्याची प्रत्येक कृती ही तरबेज होण्याचाच सराव असते. मला स्वतःला या विषयात याहून महत्त्वाचे काही वाटत नाही.

म्हणून माझे मत ठाम आहे: स्क्रीन एकच ठेवा, रकान्यांचा क्रम आणि नावे एकच ठेवा, मदतीचा मजकूर रकान्याशेजारी उघडमीट होईल असा द्या आणि शॉर्टकट बटणावरच लिहा. तारीख नेहमी टाइप करता यावी. कॅलेंडर हवे असेल तर वेगळ्या बटणाने उघडावे. ‘नक्की का?’ असे विचारणाऱ्या खिडक्या सरावाच्या हाताने न वाचताच बंद होतात, त्यापेक्षा केलेली कृती मागे घेण्याची सोय द्या.

वेगाचा अंदाज केवळ कळा मोजून बांधू नका. नायनेक्स या दूरध्वनी कंपनीने ऑपरेटरांसाठी वेगवान वाटणारी नवी यंत्रणा आजमावून पाहिली, तेव्हा वेन ग्रे, बॉनी जॉन आणि मायकेल ॲटवुड या संशोधकांच्या विश्लेषणाने ती संथ ठरेल असे भाकीत केले होते आणि प्रत्यक्ष चाचणीत ती सुमारे ४ टक्के संथच निघाली. ग्राहक बोलत असताना पूर्वी उरकल्या जाणाऱ्या काही कळा आता बोलणे संपल्यावर दाबाव्या लागत होत्या. असे बारकावे बैठकीच्या खोलीत कधीच कळत नाहीत.

माझा अनुभव दिवसभर वापरल्या जाणाऱ्या कार्यालयीन प्रणालींचा आहे. वर्षातून एकदा भरायच्या अर्जाला हे जसेच्या तसे लावू नका, तिथे एकेक प्रश्न विचारत नेणेच योग्य ठरते. तुमच्या बाबतीत मात्र आराखडा काढण्याआधी प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या शेजारी बसण्याची परवानगी लेखी मागा आणि ती कामाच्या करारातच घाला. सध्याच्या फॉर्ममधले रकाने ज्या क्रमाने आहेत आणि कागदावर ते ज्या क्रमाने येतात, ते दोन्ही इथे लिहिलेत तर मी सवडीने पाहून सांगेन.