देवावर हवाला म्हणजे रामभरोसे नव्हे

नागपूरच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या मंडळीतल्या तरुण संघाच्या सभेसाठी त्यांनी विषय लिहिला, ‘रोजच्या जगण्यात देवावर भरवसा’. एका ज्येष्ठ काकांनी तो खोडला. म्हणाले, भरवसा म्हणजे रामभरोसे, हातपाय न हलवणाऱ्यांचा शब्द, ‘विश्वास’ लिही. दुसऱ्या कुणी ‘श्रद्धा’ सुचवलं. ताई विचारतात, या तिघांत फरक काय, आणि ख्रिस्ती माणसानं कोणता शब्द वापरावा?

विश्वास आणि श्रद्धा पटकन उरकतो. विश्वास म्हणजे वि अधिक श्वस्, मोकळा श्वास घेणं. आश्वासन, नि:श्वास, विश्वस्त ही सगळी त्याच घरची भावंडं. ज्याच्याजवळ छाती आवळत नाही, श्वास चोरावा लागत नाही, त्याच्यावर विश्वास. श्रद्धा त्याहून जुनी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तिच्या नावाचं सूक्त आहे, आणि लॅटिनमधला ‘क्रेदो’, म्हणजे ख्रिस्ती मतांगीकाराचा (मंडळीत एकत्र म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीचा) पहिला शब्द, तिची सख्खी बहीण आहे. दोन्ही शब्द उत्तम आहेत, दोन्ही मंडळीत चालतात. पण काकांनी भरवशावर जो आरोप ठेवला तो मला सहन होत नाही, म्हणून हे उत्तर.

रोज कुठल्या तरी बातमीत वाचतो, ‘रुग्णालय रामभरोसे’, ‘शाळेचा कारभार देवभरोसे’. म्हणजे काय, तर डॉक्टर नाही, शिक्षक नाही, छत गळतंय आणि विचारणारं कुणी नाही. जिथं माणसानं आपलं काम टाकलं तिथं देवाचं नाव लावायचं, ही सवय इतकी मुरली आहे की ‘देवाच्या भरवशावर’ हे शब्द ऐकले की चांगल्या लोकांच्याही डोळ्यांपुढे बेवारस गोष्ट उभी राहते. एका चांगल्या शब्दावर हा अन्याय आहे. आपल्या नागपुरात तर तो भरोसा म्हणून तोंडोतोंडी आहे. ‘त्याचा काही भरोसा नाही बाप्पा’ हे वाक्य ऐकल्याशिवाय इथं दिवस जात नाही. पोलिसांनी पीडित बायामुलांसाठी कक्ष काढला, त्याचं नाव भरोसा सेल. तिथं कुणाला हा शब्द आळशी वाटला नाही.

काकांनी क्रियापदाकडे लक्ष दिलं असतं तर शब्द खोडला नसता. ‘तुझ्या भरवशावर सोडलं’ आणि ‘तुझ्या भरवशावर घेतलं’ या दोन वाक्यांत भरवसा तोच आहे, अर्थ मात्र उलट आहे. धाकट्या भावाच्या भरवशावर थोरला लग्नाचा हॉल ठरवतो, पत्रिका छापायला टाकतो, आचाऱ्याला इसार देतो. इथं भरवशानं माणूस कामाला लागला आहे. बिघाड ‘सोडलं’मध्ये आहे, भरवशात नाही. भरवशाच्या म्हशीला टोणगा, ही म्हणसुद्धा म्हैस नीट राखणाऱ्या, तिच्या वेताची वाट पाहणाऱ्या घराची आहे. बेवारस म्हशीला टोणगा झाला काय आणि पारडी झाली काय, कुणाला दु:ख होणार आहे? मला तर भरवशात नेहमी ‘भर’ ऐकू येतो. भर देणं, भार टाकणं, काठीवर भार देऊन उभं राहणं. हे माझं ऐकणं आहे, कोशकारांनी मानावं असा हट्ट नाही.

पण खरा शब्द वेगळाच आहे, आणि तो आपण विसरत चाललो आहोत. आपले आजी-आजोबा म्हणायचे, ‘देवावर हवाला ठेवून निघालो.’ पोरीचं लग्न ठरवलं, देवावर हवाला ठेवून. पेरणी केली, देवावर हवाला ठेवून.

हवाला अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ धातूचा अर्थ बदलणं, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणं. त्यातूनच ‘हाल’, म्हणजे बदलती स्थिती. त्याचं अनेकवचन ‘अहवाल’, जो आपण आजही वार्षिक सभेत मंजूर करतो. आणि त्यातूनच हवाला. इस्लामी कायद्यात हवाला म्हणजे कर्जाची बदली. माझं देणं मी दुसऱ्याच्या खांद्यावर दिलं. बहुतेक धर्मशास्त्रज्ञांच्या मते तो रीतसर झाला की मूळ देणेकरी मोकळा, सावकारानं आता माझ्या दाराशी यायचं नाही. त्या कायद्यातली हनफी परंपरा आणखी एक अट घालते: ज्याच्यावर हवाला टाकला त्यानं तो पत्करला पाहिजे.

ख्रिस्ती माणसानं हे पुन्हा एकदा सावकाश वाचावं. देणं माझं होतं. दुसऱ्यानं ते पत्करलं. मी मोकळा झालो. वधस्तंभावर काय घडलं हे सांगायला आपण किती मोठमोठे शब्द वापरतो, आणि आजीच्या बोलण्यातल्या एका शब्दात ते सगळं होतं. कीर्तनातली गुजराती संत नरसी मेहत्याची हुंडी, म्हणजे ‘अमक्याला पैसे द्या’ अशी चिठ्ठी, आठवा: द्वारकेच्या शामळशा सेठवर, म्हणजे कृष्णावर, लिहिली, आणि सेठनं ती सकारली, पैसे दिले. हुंडी वेगळी, हवाला वेगळा, पण दोन्हीकडे सगळा जीव त्या ‘पत्करलं’, ‘सकारली’मध्ये आहे. न पत्करणाऱ्यावर टाकलेला हवाला फुकट. रामभरोसे म्हणणाऱ्याच्या बोलण्यात पत्करणारा नसतोच, म्हणून त्याची गोष्ट बेवारस होते.

यावर दोन बाजूंनी हरकती येतात. शुद्धिवादी म्हणतात, परका शब्द, त्यापेक्षा ‘न्यास’ म्हणा, ‘समर्पण’ म्हणा. मला हे अजिबात मान्य नाही. शिवछत्रपतींच्या गडांवर हवालदार होता. गडाच्या किल्ल्या त्याच्या हवाली. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, हे खरं आहे. पण हवालदार टिकला तो लोकांच्या तोंडी, आजपर्यंत. जो शब्द गड सांभाळायला चालला तो माझा जीव सांभाळायला का चालू नये? न्यास म्हटलं की मला धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आठवतं. समर्पण सुंदर आहे, पण ते फार वर आहे. मंगळवारी सकाळी गॅस सिलिंडर संपलेला असताना कुणी समर्पण म्हणत नाही.

दुसरी हरकत पाळकांची. हवाला म्हणजे काळा पैसा, १९९०च्या दशकातलं हवाला प्रकरण, व्यासपीठावर शोभणार नाही. मी त्यांना एवढंच विचारतो: त्या अवैध धंद्यालाही हे नाव का पडलं? कारण तिथं कागद जवळजवळ नसतो, इकडे दिलेली रक्कम तिकडे मिळते ती बोलीवर. चोरांनी शब्द पळवला म्हणून घरच्यांनी तो टाकून द्यायचा का? आणि जाता जाता, हवालदिलचा याच्याशी संबंध नाही. ‘आपला हवाल झालेला दिल’ अशी फोड मी एका व्याख्यानात ऐकली, ती चूक आहे. तो अरबी ‘हौल’, म्हणजे धास्ती. अरबीत त्याचा ‘ह’सुद्धा निराळा.

आता शास्त्राकडे. पेत्राचं पहिलं पत्र, अध्याय ५, ओवी ७: ‘त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो.’ मराठी भाषांतरकारांनी इथं ‘टाका’ लिहिलं. हे भाषांतरी मराठी आहे असं म्हणणारे विद्वान मला भेटले आहेत. मी म्हणतो, यापेक्षा अस्सल मराठी दाखवा. टाकणे या क्रियापदाचं सगळं काम शेजारच्या शब्दावर चालतं. ‘टाकून दिलं’ म्हणजे फेकलं, सोडलं. ‘वर टाकलं’ म्हणजे ठेवलं, सोपवलं. नवऱ्यानं बायकोला टाकलं आणि सुनेनं सासूच्या अंगावर शाल टाकली, ही दोन्ही ‘टाकणी’ एकच का? रामभरोसे म्हणजे टाकून देणं. हवाला म्हणजे वर टाकणं. सगळा फरक त्या ‘त्याच्यावर’मधल्या ‘वर’चा आहे.

मूळ ग्रीकमध्येही तेच. पेत्रानं वापरलेलं क्रियापद नव्या करारात फक्त दोनदा येतं. दुसरी जागा लूक १९:३५. यरुशलेमेत जाताना शिष्यांनी आपली वस्त्रं शिंगरावर टाकली आणि येशूला वर बसवलं. मला हे सापडलं त्या दिवशी मी घरात दोन फेऱ्या मारल्या होत्या. चिंता कशी टाकायची, तर अंगावरची शाल काढून शिंगराच्या पाठीवर टाकावी तशी. पेत्र हे आणतो ५५व्या स्तोत्रातून, ‘तू आपला भार परमेश्वरावर टाक’. आणि ३७व्या स्तोत्रात, जिथं आपला जीवितक्रम परमेश्वरावर सोपवायला सांगितलं आहे, तिथं हिब्रू क्रियापदाचा शब्दश: अर्थ आहे ‘लोटून दे’, जड धोंडा गडगडत ढकलावा तसा. उचलून देण्याइतकी ताकद नसली तरी चालतं.

आणि काकांना ओवी ८ दाखवा. चिंता टाका म्हटल्यावर पेत्र श्वास न घेता म्हणतो, सावध असा, जागे राहा. ज्यानं चिंता टाकली त्यालाच जागं राहायला सांगितलं आहे. रामभरोसेवाला झोपतो.

माझी आत्या नर्स होती, एका मिशन दवाखान्यात. रात्रपाळी संपली की ‘चार्ज देणं’ असायचं. लहानपणी मला वाटायचं, चार्ज दिला म्हणजे घरी निघाली. तसं नसतं. वॉर्डातल्या प्रत्येक खाटेपाशी उभं राहून सांगावं लागतं: तीन नंबरला रात्री ताप १०२ होता, सातची सलाइन पाच वाजता लावली, अकराचा मुलगा मुंबईहून यायचा आहे, बाई सारखी दाराकडे बघते. औषधांचं कपाट मोजून द्यायचं, किल्ली हातात द्यायची, रजिस्टरवर सही. समोरची म्हणणार, ‘हो, घेतला.’ मग जायचं. आत्या घरी येऊन अंथरुणाला पाठ टेकली की झोपायची. वॉर्ड डोक्यात घेऊन तळमळत पडलेली मी तिला कधी पाहिली नाही. आणि रात्री, दिवसपाळी असेल तेव्हा, तिची प्रार्थना हुबेहूब तशीच असे. नाव घेऊन, एकेक. बाबूची फी, शेजारच्या काकूंची गाठ, पगार झाला नाही, मोठीला उत्तर देताना आवाज चढला. शेवटी ‘प्रभू, घे आता.’ सकाळी उठून ती फी भरायला गेलेली मला आठवते, कानातलं मोडून. हवाला टाकला होता म्हणून कानातलं तिला जड झालं नाही.

तरुण संघाला मला सांगावंसं वाटतं ते हे आहे. ‘देवा, सगळं तुझ्यावर’ असं ठोक बोलून उठणं म्हणजे चार्ज न देता पळून जाणं. खाटेनिशी सांगा. कुठल्या विषयात नापास होण्याची भीती आहे, कुणाचा राग मनात आहे, घरातल्या कुठल्या हिशेबात खोटं लिहिलं आहे. जे सांगितलंच नाही ते सोपवलं कसं जाईल?

उलट टोकाची चूकही होते. विश्वास ठेवला की काम झालंच पाहिजे, असं समजून ‘विश्वास’ हा शब्द हमीपत्रासारखा वापरतात. मग परीक्षेत आपटी खाल्ली, नोकरी गेली, की विश्वास उडाला. नागपुरात हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना ठाऊक आहे; ज्यांच्या नावानं १८८३ साली ते निघालं ते स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथं आले, शाळा काढली, गोंडांची भाषा आणि कथा लिहून घेतल्या, इथल्या खडकांतले जीवाश्म गोळा केले. १८६३च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना पाण्यानं भरलेल्या ओढ्यात ते बुडाले. वय ४५. एका मुलानं मला विचारलं होतं, मग त्यांच्या देवानं का नाही वाचवलं? या ‘का’चं उत्तर माझ्याजवळ नाही. पण पेत्राची ओवी नीट वाचली तर तिथं ‘ओढा टाका’ असं लिहिलेलं नाही, ‘चिंता टाका’ असं आहे. हवाल्यात देणं बदली होतं. वाटेतला पाऊस बदली होत नाही. अठरा वर्षं परक्या गावात त्या माणसानं जे काम केलं ते धास्ती घेऊन झालं नसतं.

तर ताई, तुमचा विषय होता तसाच ठेवा. ‘देवावर भरवसा’ निर्दोष आहे. ‘भरवसा ठेवणे’ म्हणा, ‘भरवशावर सोडणे’ म्हणू नका. काकांना ‘विश्वास’ हवाच असेल तर त्यांनी आपल्या भाषणात खुशाल वापरावा. खाली पेत्राची सातवी ओवी छापाल तर आठवीही छापा, कागद थोडा मोठा घ्यावा लागला तरी. आणि सभेत कुणी ‘अंधविश्वास’ म्हणालं तर तिथंच थांबवा. तो हिंदीतून आला आहे, मराठीत अंधश्रद्धा आहे. मोकळ्या श्वासाच्या शब्दाला आंधळा म्हणायचं मला तरी जमत नाही.