वन बीएचकेमध्ये दोन लहान मुलांचे सामान कुठे आणि कसे ठेवावे?

नवे कपाट घेण्याआधी सामानाची वाटणी करावी. रोजचे दप्तर, गणवेश आणि आवडती खेळणी मुलांच्या हाताशी ठेवावीत, आणि धाकट्यासाठी राखलेले मोठ्याचे कपडे माळ्यावर टाकावेत. खेळण्यांसाठी झाकणाचा खोल डबा घेऊ नये, कारण तळाची एक गाडी काढायला मूल अख्खा डबा फरशीवर ओतते. त्यापेक्षा उथळ, उघडे टब बरे.

मुंबईत खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. बाहेरच्या भिंतीला ओल धरते, म्हणून त्या भिंतीला पुस्तके टेकवू नयेत, आणि दिवाणाच्या खणात कपडे पूर्ण वाळल्याशिवाय ठेवू नयेत (इस्त्री फिरवून गार केलेले उत्तम). डांबराच्या गोळ्या मात्र टाळाव्यात: त्यांतले नॅफ्थलीन मुलाच्या पोटात गेले तर विषबाधा होते, आणि जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात.

उंच कपाट क्लॅम्पने भिंतीला पक्के करावे. खेळण्यांची पेटी खिडकीखाली कधीही ठेवू नये, कारण मुले तिच्यावर चढून ग्रिलपर्यंत पोहोचतात.