गोलेमला राक्षस म्हणू नका
मायकेल शेबॉनची 'कॅव्हेलियर अँड क्ले' ही कादंबरी वाचताय आणि त्यातल्या गोलेमला, म्हणजे ज्यू दंतकथांमधल्या जिवंत केलेल्या मातीच्या पुतळ्याला, मराठीत राक्षस म्हणावं की वेताळ, असं विचारलंय. दोन्ही नको! हल्ली गेममधला कुठलाही दगडी धिप्पाड गडी दिसला की पोरं त्याला गोलेम म्हणतात आणि मग मोठी माणसंही तोच अर्थ धरून बसतात. वेताळ म्हणाल तर इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्यांना थेट फँटम दिसणार, शिवाय वेताळ गोष्टी सांगतो, कोडी घालतो, गोलेमला बोलताच येत नाही. तालमुद या ज्यूंच्या धर्मग्रंथात रावा नावाचा पंडित एक माणूस घडवून रब्बी (म्हणजे ज्यू धर्मगुरू) झेराकडे पाठवतो, झेरा बोलून बघतो, उत्तर येत नाही, तेव्हा म्हणतो जा, परत माती हो. (तिथे गोलेम हा शब्द नाहीये बरं का.)

शब्द हिब्रू, बायबलमधल्या 139व्या स्तोत्रातला, अजून आकार न आलेला पिंड असा अर्थ. मिश्ना या ज्यूंच्या जुन्या नियमग्रंथात शहाण्याच्या उलट तो गोलेम, आणि यिद्दिश या युरोपातल्या ज्यूंच्या बोलीत तर सरळ ठोंब्या. पण खरी मजा पुढेच आहे, आजच्या हिब्रूत गोलेम म्हणजे किड्याचा कोष! अळी आणि फुलपाखराच्या मधला तो. आता कादंबरी आठवा, 1939 मध्ये नायक जो कॅव्हेलियर प्रागमधून निसटतो तो गोलेमच्याच पेटीत लपून, न्यूयॉर्कला जोडीदार सॅम क्लेबरोबर कॉमिक्सचा हिरो काढतो तो बेड्या तोडणारा एस्केपिस्ट, आणि पुढे त्याच्या हातून उतरणारी हिरॉईन कोण, तर ल्यूना मॉथ, पतंग! कोषातून दुसरं काय निघणार? शेबॉनने हे ठरवून केलं असेल नसेल, मला तरी आता ते पुस्तक दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने वाचता येत नाही.

सीगल आणि शुस्टर ज्यू होते म्हणून त्यांचा 1938चा सुपरमॅन म्हणजे गोलेमच, असं ठोकून देणाऱ्या समीक्षकांचं मला काही पटत नाही. अहो, तो बोलतो, प्रेमात पडतो, पेपरात नोकरी करतो, यातलं काय गोलेमला जमतं? प्रागच्या रब्बी लोवने गोलेम केला हेही असंच, रब्बी वारले 1609 मध्ये आणि त्यांच्या नावावर ही गोष्ट छापून आली ती थेट 19व्या शतकात.

हां, भाषांतराचं राहिलं. गोलेमच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'मातीचा पुतळा' एवढं जोडा.