जहाल मिरची, जहाल टिळक आणि जहाल नक्षलवादी

इंदिरानगरच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांची मुलगी आठवीत. इतिहासाचं पुस्तक मांडीवर घेऊन ‘टिळक जहाल, गोखले मवाळ’ घोकत बसली होती, तेवढ्यात टीव्हीवर पट्टी सरकली: जहाल नक्षलवाद्याचं आत्मसमर्पण. पोरीने विचारलं, ‘आई, मग टिळक नक्षलवादी होते का?’ ताईंनी तिला गप्प बसवलं आणि मला तीन प्रश्न धाडले. जहाल म्हणजे नेमकं काय? मवाळ म्हणजेच लिबरल का? आणि लिबरल म्हणजे डावे, असं अमेरिकेतला भाचा म्हणतो, ते खरं का?

पोरीला गप्प बसवायला नको होतं, ताई. गप्प बसवायचंच तर पट्टी लिहिणाऱ्याला बसवा. गडचिरोलीची बातमी आली की ‘जहाल’ हे नक्षलवाद्याच्या आधी चिकटलेलंच असतं, लग्नपत्रिकेतल्या ‘चि.’सारखं. अहो, खांद्यावर बंदूक आणि डोक्यावर सरकारी इनाम असलेल्या माणसाला आणखी विशेषण कशाला? मवाळ नक्षलवादी पाहिलाय का कुणी? जे विशेषण काढून टाकल्यावर वाक्याचं काहीच बिघडत नाही, ते वाक्यात भाडं न देता राहतंय.

आता शब्द. ‘तीव्र, कडक’ हा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. पण तो पुस्तकात नव्हे, तोंडात कसा आहे ते बघायचं तर आपल्या गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात जा. (बाहेरगावच्यांसाठी: नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात.) मागच्या महिन्यात मी मिरची घेत होतो. दिंडोरीकडची बाई, पुढ्यात दोन ढीग. म्हणाली, ‘बाबा, ही लई जहाल हाये, निम्मीच टाकजा. ती बेडगी मवाळ, रंगाला घ्या.’ मी तिला विचारलं, ‘आणि ही तिसरी?’ ती म्हणाली, ‘ती या दोघींच्या मधली. पण बेडगी खाणाऱ्याला तीपन जहालच लागंल.’ राज्यशास्त्राच्या वर्गात तासभर बसून जे कळत नाही ते मला पाव किलो मिरचीबरोबर मिळालं. पुढे लागेल, लक्षात ठेवा.

हा शब्द आला कुठून? आपल्याच गावातले एक निवृत्त प्राध्यापक दर भाषणात ठोकून सांगतात की जहाल हा संस्कृत ‘ज्वाला’वरून आला. जाज्वल्य देशभक्ती, ज्वाला, जहाल! टाळ्या पडतात. पडोत. पण प्राध्यापकसाहेब, ज्वालेला मराठीत एक लेकरू आधीच आहे आणि ते तुमच्या चुलीखाली आहे: जाळ. संस्कृतातला दोन स्वरांमधला एकटा ‘ल’ प्राकृतातून मराठीत उतरताना ‘ळ’ होतो. फल-फळ, कुल-कूळ, कमल-कमळ, तशी ज्वाला-जाळ. ‘ल’ तगतो तो मुळात जोडाक्षर असेल तर: फुल्ल-फूल, बिल्व-बेल. मग जहालमधला ‘ल’ एवढा ताठ कसा उभा राहिला? आणि मध्येच तो ‘ह’ कुठून घुसला? माल, साल, दलाल, कमाल हे ज्या वाटेने आले त्याच वाटेने जहाल आला. ती वाट फारसीची आणि त्यामागे अरबीची.

उलट मवाळ बघा. संस्कृत मृदु, प्राकृत मउ, मराठी मऊ, त्याला ‘आळ’ लागून मवाळ. शेवटी खणखणीत ‘ळ’. म्हणजे जहाल-मवाळ ही जोडी नुसती कानाने ऐकली तरी कळतं, ‘ल’वाला पाहुणा आणि ‘ळ’वाला घरचा. परकीय राजवटीविरुद्ध स्वदेशीचा सर्वांत मोठा पुकारा करणाऱ्यांच्या वाट्याला परकीय शब्द आला आणि ज्यांना इंग्रजधार्जिणे म्हणून हिणवलं गेलं त्यांना अस्सल देशी! इतिहासाला विनोदबुद्धी असावी.

कबूल करतो, मीही पंचविशीपर्यंत जहाल हा ‘जहर’चा भाऊ समजत होतो, कारण ‘जहाल विष’ हे शब्द कायम जोडीने ऐकलेले. भ्रम फोडला माझ्या एका मित्राने. जुन्या नाशकात राहायचा, उर्दू शाळेत शिक्षक होता. दूध बाजारात चहा पीत होतो आणि मी काहीतरी सांगताना ‘जहाल नेते टिळक’ म्हणालो. त्याचा कप तोंडाशीच थांबला. ‘अरे भाऊ, टिळकांना जाहिल म्हणतोस?’ उर्दूत जाहिल म्हणजे अडाणी, जहालत म्हणजे अज्ञान. मी म्हटलं, आमच्यात तसं नाही. तो म्हणाला, ‘तुमच्यातच बरोबर असेल. आमच्यात बिघडला असेल शब्द.’ आणि मग त्याने मला जे सांगितलं त्यावर मी आजवर जगतोय.

अरबीत ज-ह-ल हा धातू. आपण समजतो की ‘जह्ल’च्या विरुद्ध ‘इल्म’, म्हणजे ज्ञान. पण इस्लामपूर्व अरबी कवितेत जह्लचा खरा प्रतिस्पर्धी इल्म नाही, ‘हिल्म’ आहे. हिल्म म्हणजे धीर, सोशिकपणा, राग गिळण्याची ताकद, थोरामोठ्याला शोभणारा सौम्यपणा. आणि जह्ल म्हणजे तापटपणा, अंगावर धावून जाणं, परिणामाची पर्वा न करणं. अम्र इब्न कुल्सूम नावाचा कवी त्याच्या प्रसिद्ध कवितेत बजावतो की आमच्याशी कुणी जह्ल करू नका, नाहीतर आम्ही जाहिलांच्याही वरचढ जह्ल करू. आता इथे ‘अज्ञान’ घालून बघा. आमच्याशी अडाणीपणा करू नका, नाहीतर आम्ही तुमच्याहून अडाणी होऊ? हा काय दम झाला! इग्नाझ गोल्डझिहर या हंगेरियन पंडिताने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे नीट मांडून दाखवलं. ‘जाहिलिया’ म्हणजे अज्ञानाचा काळ एवढंच नव्हे, तर रांगड्या, बेलगाम वृत्तीचा काळ. तेहरानच्या बोलीतही ‘जाहेल’ म्हणजे गल्लीतला दादा.

कळतंय ना कुठे चाललोय ते? जह्ल आणि हिल्म. तापट आणि सौम्य. जहाल आणि मवाळ! हिंदीने जाहिलमधला अडाणी तेवढा ठेवला आणि राजकारणासाठी गरम दल, नरम दल असे पाणी तापवायचे शब्द घेतले. मराठीने मात्र जह्लचा तो जुना, वाळवंटातला अर्थ मिरचीत, विषात जपून ठेवला आणि वेळ आली तेव्हा त्याच्यासमोर मवाळ उभा करून दीड हजार वर्षांपूर्वीची जोडी पुन्हा जुळवली. ज्यांनी ती जुळवली त्यांना अरबी कविता ठाऊक होती असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं असं की शब्दाला स्वतःची आठवण असते. हे माझं मत. प्राध्यापकसाहेबांना पटणार नाही. त्यांनी आधी त्या ‘ह’चा हिशेब द्यावा, मग बोलू.

तर ताई, मूळ प्रश्न. तुमच्या मुलीच्या पुस्तकात नसेल अशी एक गोष्ट तिला सांगा: ही नावं बहुतेक वेळा समोरच्याने ठेवलेली असतात. टिळकांचे लोक स्वतःला ‘राष्ट्रीय पक्ष’ म्हणवत. समोरचे स्वतःला मवाळ कशाला म्हणवून घेतील? ते ‘प्रागतिक’, फार तर ‘नेमस्त’. नेमस्त हा फार देखणा शब्द, मूळ नियमस्थ, म्हणजे नेमात राहणारा, बेताचा. आज तो मेलाय. प्रागतिकचं तर नशीबच फिरलं. तेव्हा प्रागतिक म्हणजे सनदशीर अर्ज-विनंत्या करणारे सर-रावबहादूर, आणि आज ‘प्रागतिक पक्ष’ म्हटलं की लाल बावटा डोळ्यासमोर येतो. पाटी तीच, दुकान बदललं.

हे होणार हे खुद्द टिळकांना ठाऊक होतं. 2 जानेवारी 1907 ला कलकत्त्यात त्यांनी भाषण केलं, त्यात सांगितलं की मॉडरेट आणि एक्स्ट्रीमिस्ट हे दोन्ही शब्द काळाशी बांधलेले आहेत. आजचे एक्स्ट्रीमिस्ट उद्याचे मॉडरेट, जसे आजचे मॉडरेट हे कालचे एक्स्ट्रीमिस्ट. दाखला दिला दादाभाई नौरोजींचा. त्यांना सुरुवातीला एक्स्ट्रीमिस्ट म्हणत, तीच मतं आता मॉडरेट ठरली. बुधवारच्या बाजारातली बाई वेगळं काय सांगत होती? त्याच वर्षी डिसेंबरात सुरतेला फिरोजशहा मेहता आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जींना एकच जोडा लागला आणि काँग्रेस फुटली, हे झालं सर्वांना माहीत असलेलं. पण पुढचं बघा. टिळक गेले 1920 मध्ये. 1925-26 च्या सुमारास त्यांच्याच पठडीतले न. चिं. केळकर ‘प्रतिसहकार’ म्हणत कायदेमंडळात बसायची बाजू मांडत होते आणि गांधींच्या असहकाराशेजारी तेच मवाळ दिसू लागले. भाकीत खरं व्हायला वीस वर्षंसुद्धा लागली नाहीत, आणि ते झालं घरातच.

शिवाय जहाल कशाबाबत, हे विचारायलाच हवं. 1891 च्या संमतिवयाच्या विधेयकात, म्हणजे मुलीचं संमतिवय दहावरून बारावर न्यायचं होतं तेव्हा, टिळक विरोधात होते. तिथे जहाल कोण? आगरकर.

तुमच्या मुलीचा प्रश्न मात्र वाटतो तितका भाबडा नाही, आणि नाशकात तर नाहीच. गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी चालायला जाता ना? त्याचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. 21 डिसेंबर 1909 ला कान्हेऱ्यांनी विजयानंद थिएटरात, ‘शारदा’ नाटकाच्या वेळी, कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. सरकारच्या लेखी असे लोक ‘अनार्किस्ट’. 1919 च्या रौलट कायद्याच्या लांबलचक नावात त्याचंच विशेषण ‘अनार्किकल’ चक्क छापलेलं आहे. आणि मराठी वर्तमानपत्रं अशा कृत्याला काय म्हणत? ‘अत्याचार’. हो, अत्याचार! आचाराची मर्यादा ओलांडणं, राजकारणात हात उचलणं. म्हणूनच गांधींच्या चळवळीला मराठीत ‘अनत्याचारी असहकार’ म्हणत. आज हे वाक्य दहावीच्या मुलापुढे ठेवलं तर तो भलतंच समजेल. तर अनार्किस्ट, मग क्रांतिकारक, मग हुतात्मा, मग मैदान. पण एक नोंद करा: तेव्हाही त्यांना ‘जहाल’ म्हणून भागवलं नाही, शस्त्र घेणाऱ्यांसाठी शब्द वेगळा होता. जहाल म्हणजे बोलण्यात आणि मागणीत तिखट. आमच्या पट्टीलेखकांनी ती भिंत पाडली.

‘सनातनी’चंही तसंच. 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दारं लावून घेणाऱ्यांचं नाव सनातनी. माझ्या तरुणपणी ‘फार सनातनी बुवा तू’ म्हटलं की माणूस चिडायचा. आता तोच शब्द लोक गाडीच्या मागच्या काचेवर चिकटवतात. पुरोगामीची गत उलटी, तो एके काळी मिरवायचा आणि आता त्याचं ‘फुरोगामी’ केलंय.

डावे-उजवे आटोपतो. 1789 मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार असावा म्हणणारे अध्यक्षांच्या उजवीकडे बसले, नको म्हणणारे डावीकडे. बस, एवढंच. पण मराठीत ही बैठक आली आणि तिला भलताच वास लागला. आपला उजवा ‘ऋजु’वरून, म्हणजे सरळ. आपण मुलगी उजवतो, कूस उजवते. आणि डाव्याचं? डावलणं. फ्रेंच माणसाने नुसती खुर्ची सांगितली, आपण शकुन-अपशकुन बघून बसलो. त्यात आपल्या विधानसभेत सत्ताधारी अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसतात, म्हणजे विरोधात गेला की कट्टर उजवाही डावीकडेच. आपल्या जिल्ह्यातल्या सुरगाण्याकडचे लोक या भानगडीत पडत नाहीत. ते म्हणतात ‘लाल बावटेवाले’, आणि 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला पायी निघालेला तो शेतकऱ्यांचा मोर्चा ज्यांनी पाहिला त्यांना दुसरा शब्द लागत नाही.

लिबरलचं राहिलंच की. थोडक्यात: 1918 मध्ये मवाळ काँग्रेसमधून बाहेर पडले आणि लिबरल झाले, म्हणून पुस्तकात मवाळ आणि लिबरल जवळजवळ येतात. भाचा म्हणतो तेही खरं, पण अमेरिकेपुरतं, आणि तेही फ्रँकलिन रूझवेल्टच्या काळापासून. ऑस्ट्रेलियात लिबरल पक्ष उजवा आहे. भाच्याने तिकडे नोकरी बदलली तर त्याला मत न बदलताच बाजू बदलावी लागेल. आणि आपल्याकडे ‘मी उदारमतवादी आहे, पण उदारीकरणाच्या ठार विरोधात’ असं म्हणणारा गृहस्थ माझ्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. त्याचं काही चुकत नाही.

परीक्षेत मात्र पुस्तकात छापलंय तेच लिहायला सांगा. हिल्मला गुण मिळत नाहीत.